वाचक विचारतात : कामाच्या जागेवरचा अग्निशामक सिलिंडर

कारखाने, कार्यालये आणि उपाहारगृहे यांतून अग्निशामक सिलिंडरांबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमची चोवीस मागांची शेड आहे. ऑफिसच्या भिंतीला ६ किलोचे चार एबीसी सिलिंडर ओळीने टांगलेले आहेत. मध्यंतरी एका मोटारीजवळ साचलेल्या रुईच्या कचऱ्याने पेट घेतला. सिलिंडर मारला, आग विझली आणि अर्ध्या तासाने पलीकडच्या मागाखालून परत धूर यायला लागला. सिलिंडर खराब होता का?
— यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : सिलिंडर बहुधा चांगलाच होता. त्यात काय भरलेले असते ते आधी पाहू, म्हणजे काय झाले ते कळेल. एबीसी ही आगीच्या वर्गांची अक्षरे : ए म्हणजे लाकूड-कागद-कापड, बी म्हणजे पेट्रोल-डिझेलसारखे द्रव, सी म्हणजे गॅस. एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ज्वाळेत पडले की ते ज्वाळा मोडते, आणि तापलेल्या लाकडावर, कागदावर किंवा कापडावर वितळून त्याचा चिकट थर बसतो. हा थर वरच्यावर बसतो. रुईच्या ढिगाच्या पोटात जो विस्तव धुमसत असतो तिथवर पावडर पोचत नाही आणि ती काही गारही करत नाही. शिवाय ही पावडर साधारण १५ बार दाबाच्या नायट्रोजनने बाहेर फेकली जाते. अगदी जवळून मारली तर हलकी रुई विझायच्या आधीच उडते आणि जळती ठिणगी घेऊन शेजारच्या मागाखाली जाऊन बसते. तुमच्याकडे असेच घडले असावे.

म्हणून सुरुवात चार-पाच मीटरवरून करा. पावडरचा ढग आगीवर बसू द्या आणि ज्वाळा पडल्यावरच पुढे सरका. ज्वाळा गेली म्हणजे काम संपले असे मुळीच समजू नका. मेन स्विच बंद असल्याची खात्री करा, ढीग दांड्याने उसकटा आणि पाण्याने पूर्ण भिजवा. आजूबाजूच्या दोन-तीन मागांखाली, मोटारीच्या जाळीत आणि पत्र्याच्या कैचीवर साचलेल्या धुळीत बॅटरी मारून बघा. एक माणूस किमान दोन तास तिथेच बसवून ठेवा. रुईला खरा उतारा पाण्याचा. तुमच्या शेडमध्ये एबीसीच्या जोडीला ९ लिटरचे पाण्याचे सिलिंडर हवेतच. एबीसी पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, पाण्याचा सुमारे मिनिटभर चालतो. फक्त चालू विजेवर तो कधीही मारायचा नाही.

आता जागेबद्दल. चार सिलिंडर एकाच भिंतीवर असतील तर शेडच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्यासाठी तिथे एकही सिलिंडर नाही. आयएस २१९० या भारतीय मानकाप्रमाणे कामाच्या जागेतल्या कुठल्याही बिंदूपासून सिलिंडरपर्यंत १५ मीटरपेक्षा जास्त चालावे लागता कामा नये. ‘चालावे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजायचे नसते. १५ मीटरची सुतळी घ्या, तिचे एक टोक सिलिंडरला बांधा आणि मागांच्या रांगांमधल्या वाटेने, वळणे घेत चालत जा. सुतळी जिथे संपेल त्याच्या पलीकडच्या कामगारासाठी आणखी एक सिलिंडर लागेल. जागा शक्यतो दाराजवळ आणि जाण्या-येण्याच्या वाटेवर निवडा. सिलिंडर आणायला निघालेला माणूस बाहेरच्या दिशेने जायला हवा. आगीच्या पलीकडे टांगलेल्या सिलिंडरचा कुणालाच उपयोग नाही.

लाल बादल्या ठेवल्या असतील तर त्या गोल बुडाच्या घ्या. गोल बुडाची बादली जमिनीवर उभी राहत नाही, त्यामुळे ती कुणी फरशी पुसायला नेत नाही. इतक्या साध्या युक्तीने त्या बादल्या जागेवर राहतात.

प्रश्न : आम्ही सगळ्यांना सिलिंडर कसा वापरायचा ते सांगितले, तक्ता लावला. तरी सरावाच्या दिवशी तिघांना पिनच निघेना. पिन इतकी घट्ट का असते?
— प्रशासन विभाग, खासगी कार्यालय, ठाणे

उत्तर : पिन घट्ट नसते, ती अडकते. घाबरलेला माणूस दोन्ही दांडे मुठीत गच्च आवळतो आणि त्याच अवस्थेत पिन ओढायला जातो. वरचा दांडा दाबला गेला की पिन भोकात तिरकी दाबून बसते आणि मग पैलवान आला तरी निघत नाही. सिलिंडर जमिनीवर ठेवा, एका हाताने खालच्या मुठीला धरून नुसता स्थिर करा, वरच्या दांड्यावर बोटसुद्धा ठेवू नका. दुसऱ्या हाताने पिनेची कडी जराशी पिळून सरळ ओढा. प्लास्टिकचे सील आपोआप तुटते. मगच सिलिंडर उचला. ही एवढीच गोष्ट प्रत्येकाकडून तीन वेळा करून घ्या, तक्त्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

पुढचे सोपे आहे. नोझल ज्वाळांच्या शेंड्याकडे न धरता आगीच्या बुडाशी, जिथे वस्तू जळते आहे तिथे धरा. दांडा पूर्ण दाबा आणि झाडू मारल्यासारखे डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे जा. उघड्यावर असाल तर वारा पाठीवर घ्या. खोलीत असाल तर दार पाठीमागे ठेवा आणि आग विझली तरी तिच्याकडे पाठ न करता मागे सरका.

हे सगळे करायच्या आधी ओरडून इतरांना सावध करायचे, कुणाला तरी १०१ वर फोन करायला सांगायचे आणि वीज तोडायची. आग टेबलाएवढी, कचरापेटीएवढी असेल तरच सिलिंडर हातात घ्या. ज्वाळा छताकडे गेली असेल, धूर तोंडाच्या उंचीला उतरला असेल किंवा काय जळते आहे तेच कळत नसेल तर दार ओढून घेऊन बाहेर पडा. एक सिलिंडर पूर्ण मारूनही आग विझली नाही, तर दुसरा शोधायला आत थांबू नका.

सरावासाठी वेगळा खर्च लागत नाही. जे सिलिंडर यंदा रिकामे करून नव्याने भरायचेच आहेत, ते एजन्सीकडे देण्याआधी आवारात कर्मचाऱ्यांकडून मारून घ्या. ज्याने आयुष्यात एकदा तरी प्रत्यक्ष मारला आहे, त्याचा हात वेळेला थरथरत नाही. हेही लक्षात ठेवा की ६ किलोचा सिलिंडर म्हणजे ६ किलो पावडर. लोखंडासकट तो नऊ-दहा किलोपर्यंत भरतो. रात्री ऑफिसात एकटे वयस्कर वॉचमन असतील तर तिथे २ किंवा ४ किलोचा सिलिंडर जास्त कामाचा.

प्रश्न : काटा हिरव्या पट्ट्यात आहे, तरी एजन्सीवाले दरवेळी काही ना काही काम काढतात. काटा बरोबर असेल तर आणखी बघायचे काय?
— लघुउद्योजक, सातपूर, नाशिक

उत्तर : काटा फक्त आतल्या नायट्रोजनचा दाब सांगतो. पावडर आहे की नाही, ती मोकळी आहे की तिचा दगड झाला आहे, नळी साफ आहे की तुंबली आहे, यातले काहीच त्याला कळत नाही. काटा हिरव्यात आणि दांडा दाबल्यावर नुसताच गॅस फुस्स, असे होऊ शकते.

महिन्यातून एकदा स्वतः बघायच्या गोष्टी अशा. सिलिंडर जागेवर आहे का आणि त्याच्यापुढे खोकी, खुर्च्या, पाण्याचे जार तर ठेवलेले नाहीत ना. पिन आणि सील शाबूत आहे का. काट्याची काच फुटलेली किंवा आत पाणी धरलेली नाही ना. बुडाच्या कडेला गंज नाही ना; ओल्या फरशीवर ठेवलेला सिलिंडर नेहमी खालूनच सडतो, म्हणून तो ब्रॅकेटवर किंवा स्टँडवर हवा. नळीला चिरा नाहीत ना. आणि नोझलच्या तोंडात डोकावून बघा. कुंभारमाशीला मातीचे घर बांधायला ते भोक फार आवडते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसतही नाही. पावडरचा सिलिंडर ब्रॅकेटवरून काढून दोन-तीन वेळा उलटा-सुलटा करा. यंत्रांच्या हादऱ्याने पावडर तळाशी दाबून बसते, दमट हवेत भरताना ओल गेली असेल तर तिचे गठ्ठे होतात. मोकळी पावडर आत वाळूसारखी सरकताना हाताला जाणवते. एकदम धप्प असा गोळा आदळल्यासारखे वाटले किंवा काहीच हलले नाही, तर तो सिलिंडर बाजूला काढा.

एजन्सीच्या माणसाचे काम समोर उभे राहून करून घ्या. जुने स्टिकर काढून नवे लावणे म्हणजे देखभाल नव्हे. वजनकाटा मागा. लेबलवर भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन दिलेले असेल तर ते आणि वजनकाट्यावरचे वजन जुळले पाहिजे. रिफिल करताना पावडर ओतून दाखवायला सांगा, ओ-रिंग, म्हणजे व्हॉल्व्हची रबरी कडी, बदलली का ते विचारा. पावडर, पाणी आणि फोमच्या सिलिंडरांची दाबचाचणी, म्हणजे ज्याला सगळे एचपी टेस्ट म्हणतात ती, दर ३ वर्षांनी. कार्बन डायऑक्साइडची दर ५ वर्षांनी. चाचणीची तारीख लिहून घ्या. अंगावर बनवल्याचे वर्ष असते तेही पाहा. आयएस २१९० ने पावडर, पाणी आणि फोमच्या सिलिंडरांचे आयुष्य १० वर्षे आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचे १५ वर्षे धरले आहे. मुदत संपली की रंग देऊन परत टांगू नका. पत्रा आतून गंजून पातळ झालेला असतो आणि तो दाब भरताना किंवा वापरताना फुटला तर शेजारच्या माणसाच्या जिवावर बेतते.

प्रश्न : नवीन मुलाने बघायला म्हणून दोन सेकंद दांडा दाबला. काटा हलल्यासारखाही वाटत नाही. चालेल ना?
— दुकानदार, सांगली

उत्तर : नाही चालणार. पावडर एकदा व्हॉल्व्हमधून गेली की तिचे कण त्याच्या बैठकीत, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, अडकतात, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि नायट्रोजन हळूहळू गळत राहतो. आज हिरव्यात दिसणारा काटा काही दिवसांत तळाला जाऊन बसेल. सिलिंडर लगेच भरायला पाठवा आणि तो परत येईपर्यंत त्या जागी दुसरा ठेवा.

प्रश्न : आमची सर्व्हर रूम ३ मीटर बाय ३ मीटरची आहे, एकच दार, खिडकी नाही. आत ४.५ किलोचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठेवला आहे. एबीसी ठेवावा की हाच बरा? या गॅसने गुदमरायला होते असे ऐकले.
— संगणक विभाग, सहकारी पतसंस्था, कोल्हापूर

उत्तर : बरोबर ऐकले आहे, आणि तुमच्या खोलीच्या मापावर हिशेब करून दाखवतो. १ किलो कार्बन डायऑक्साइडचा खोलीच्या तापमानाला साधारण अर्धा घनमीटरहून थोडा जास्त गॅस होतो. ४.५ किलोचा झाला सुमारे अडीच घनमीटर. छत २.७ मीटरवर धरले तर खोली २४ घनमीटरची. म्हणजे पूर्ण सिलिंडर मारल्यावर हवेत सुमारे १० टक्के कार्बन डायऑक्साइड. एरवी हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. १० टक्क्यांत माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध पडू शकतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि जो खाली पडला तो त्यातच पडतो.

तरीही तुमच्या यंत्रांसाठी एबीसीपेक्षा हाच बरा. एबीसी पावडरने आग विझेल, पण तिचे बारीक कण पंख्यांवाटे प्रत्येक यंत्रात शिरतात, हवेतली ओल धरतात आणि सर्किट बोर्ड खातात. जी यंत्रे जळाली नव्हती तीही जातात. तुम्हाला बदलायच्या आहेत त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे सिलिंडर खोलीच्या आत न ठेवता दाराबाहेर टांगा. दुसरी म्हणजे दारात उभे राहूनच मारा. आधी बाहेरचा मेन स्विच पाडा, यूपीएस बंद करा, मारा, मागे व्हा, दार लावा. दार उघडून, बाहेरून पंखा लावून हवा पूर्ण बदलेपर्यंत ‘विझली का बघतो’ म्हणून कुणीही आत जायचे नाही. तळघरातल्या खोलीत तर दुप्पट काळजी घ्या.

या सिलिंडरची फेक जेमतेम दीड-दोन मीटर असते, त्यामुळे दारातून पोचेल अशा बेताने रॅक कुठे आहेत तेही पाहून ठेवा. बाहेर पडणारा गॅस उणे ७८ अंशांचा बर्फ होऊन येतो. काळ्या भोंग्याला उघड्या हाताने धरले तर कातडी चिकटते, म्हणून भोंग्यामागच्या मुठीलाच धरायचे. आवाजही मोठा होतो, पहिल्यांदा मारणारा दचकून सोडून देतो, तेव्हा एकदा मोकळ्या जागेत ऐकवून ठेवा. याला काटा नसतो. भरला आहे की नाही हे वजनावरूनच कळते. आतल्या गॅसचे वजन १० टक्क्यांहून जास्त घटले, म्हणजे तुमच्या सिलिंडरमध्ये ४५० ग्रॅमहून जास्त, तर तो भरून घ्या.

प्रश्न : कारखान्याच्या कँटीनमध्ये वडे-भजी तळतात. भटारखान्यात एबीसी आहे. पुरेसा आहे का?
— कँटीन चालक, चाकण

उत्तर : कढईतल्या तेलासाठी पुरेसा नाही. तळणीचे तेल सुमारे साडेतीनशे अंशांच्या पुढे गेले की काडी न लावताही पेटते. एबीसी मारल्यावर ज्वाळा जाते, तेल मात्र तितकेच तापलेले राहते आणि पावडरचा ढग विरला की परत भडकते. जवळून मारला तर दाबाने उकळते तेल बाहेर उडते ते वेगळेच. कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. आणि पाणी तर कधीच नाही: तेलाखाली गेलेल्या एका लिटरची सुमारे १७०० लिटर वाफ होते आणि ती पेटते तेल छतापर्यंत उडवते.

तळणीच्या तेलाच्या आगीचा वर्ग एफ. अमेरिकी पद्धतीत त्यालाच के म्हणतात, म्हणून काही सिलिंडरांवर के लिहिलेले दिसेल. त्यासाठी वेट केमिकलचा सिलिंडर मिळतो. त्यातले पोटॅशियमचे क्षार तापलेल्या तेलावर पडले की तेलाचा साबण होतो, त्याची साय वर धरते आणि तेल गारही होते. तो लांब दांड्याच्या नोझलने, फवाऱ्यासारखा, हळू मारायचा असतो. ६ लिटरचा एक भटारखान्याच्या दाराशी लावा. अगदी शेगडीच्या वर नको, आगीवरून हात नेऊन कुणी तो काढू शकणार नाही.

त्याहून आधीचा उपाय कढईपेक्षा मोठे, सपाट पत्र्याचे झाकण. ते रोज कढईच्या शेजारीच टेकून ठेवा. पेटली की शेगडीचा कॉक बंद, झाकण ढालीसारखे आपल्यासमोर धरून पलीकडे सरकवत नेऊन कढईवर ठेवायचे आणि तासभर उचलायचे नाही. पेटती कढई उचलून बाहेर न्यायचा मोह आवरा. चालता चालता तेल हिंदकळते, हातावर येते आणि माणूस ती दारातच टाकतो, म्हणजे बाहेर पडायची वाटच पेटते.

१९ किलोच्या गॅस टाकीच्या तोंडाशी ज्योत असेल तर पहिले काम व्हॉल्व्ह बंद करण्याचे. व्हॉल्व्ह बंद होत नसेल तर नुसती ज्योत विझवू नका, गळणारा गॅस साचून स्फोट होईल. माणसे बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

प्रश्न : लेथवर मॅग्नेशियम मिश्रधातूचे काम घेतले आहे. किस, म्हणजे कातलेल्या धातूचा चुरा, पेटला तर एबीसी चालेल?
— वर्कशॉप मालक, भोसरी

उत्तर : नाही. ही डी वर्गाची, म्हणजे पेटणाऱ्या धातूंची आग. पाण्याने तर त्यातून हायड्रोजन निघून आणखी भडका उडतो, कार्बन डायऑक्साइडमध्येही मॅग्नेशियम जळत राहते आणि एबीसीचा झोत जळता किस दुकानभर उडवतो. डी वर्गाची पावडर, बाजारात टीईसी म्हणतात ती, हळूच पसरवून जाड थर द्यायचा, किंवा खडखडीत कोरडी वाळू फावड्याने अलगद टाकायची. पावसाळ्यात वाळूच्या बादलीवर झाकण नसेल तर ती ओल धरते, आणि ओली वाळू म्हणजे पाणीच. किस रोजच्या रोज झाकणाच्या लोखंडी पिंपात काढून ठेवा.

प्रश्न : ऑफिस भाड्याचे आहे. फॉर्म बी कुणी भरायचा, मालकाने की आम्ही?
— सनदी लेखापाल, मुंबई

उत्तर : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ मालक आणि भोगवटादार दोघांकडेही बोट दाखवतो, त्यामुळे ‘ते मालकाचे काम’ म्हणून सुटका होत नाही. आगीची यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ए, म्हणजे ती नियमाप्रमाणे बसवल्याचे प्रमाणपत्र, आणि त्यानंतर दरवर्षी जानेवारी व जुलै असा दोनदा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र. भाडेकरारातच लिहून घ्या: सामाईक जिन्यातली आणि वाहनतळातली यंत्रणा मालकाची किंवा सोसायटीची, गाळ्यातले सिलिंडर तुमचे, आणि प्रमाणपत्राची प्रत दोघांकडे. एजन्सीच्या परवान्याची मुदत सही घेण्याआधी तपासा.

प्रश्न : शेडच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आहेत. उन्हाळ्यात ते हात लावू देत नाहीत इतके तापतात. एबीसीचा काटाही दुपारी उजवीकडे सरकतो. धोका आहे का?
— स्टोअर कीपर, बुटीबोरी

उत्तर : एबीसीचे आधी सांगतो. हवा २७ अंशांवरून ४७ वर गेली तर १५ बारचा दाब साधारण १६ बार होतो. काटा तेवढा सरकणारच, सकाळी परत येतो. तो हिरव्याच्या पुढे जाऊन तिथेच राहिला तरच जास्त भरला गेला आहे असे समजा.

कार्बन डायऑक्साइडचे वेगळे. तो बाटलीत द्रवरूप असतो आणि वीस-एकवीस अंशांना त्याचा दाबच सुमारे ५७ बार असतो. ३१ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही आणि तिथून पुढे दाब झपाट्याने चढतो. विदर्भाच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याला टेकलेली बाटली हवेपेक्षाही जास्त तापते. बाटली फुटू नये म्हणून व्हॉल्व्हमध्ये सुरक्षा चकती असते. दाब हद्दीबाहेर गेला की ती फाटते आणि सगळा गॅस एकदम मोकळा होतो. पुढे तो सिलिंडर रिकामाच टांगलेला राहतो आणि काटा नसल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. सिलिंडर आतल्या बाजूला, दाराजवळ सावलीत घ्या. बाहेरच ठेवणे भाग असेल तर पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर, वर छपरी आणि मागे पत्र्यापासून सुटी चौकट करून टांगा. यंदाचा उन्हाळा त्यांनी बाहेर काढला असेल तर सगळे उतरवून आजच वजन करा.